शेपूट नेमकं कुणाचं?

 

आज सीमेवरची गोष्ट थोडीच सांगणार आहे. आज बोलायचंय ते इंग्रजी वाक्याच्या एका खोडीबद्दल. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब आता व्याकरण शिकवणार का? मी भाषेचा प्राध्यापक नाही, साधा पदवीधर आहे. पण फौजेत तीस वर्षांहून जास्त काळ हुकूम लिहिले, हुकूम वाचले, आणि एकदा चुकीचा लिहिलेला हुकूम निस्तरलाही. त्या अधिकारात बोलतोय.

निवृत्तीनंतर एक काम माझ्याकडे आपोआप आलं. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात मराठी माजी सैनिक बरेच आहेत. कुणी सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे, कुणी बँकेत गार्ड. मुलांच्या प्रवेशाचे आणि पेन्शनचे कागद इंग्रजीत येतात. मग फोन येतो, "साहेब, जरा बघता का?" माझ्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा असे कागदच जास्त असतात, असं घरात म्हणतात.

एका उन्हाळ्यात असेच एक निवृत्त हवालदार आले. मूळचे साताऱ्याकडचे, आता गुरुग्रामला नोकरी. बरोबर मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली, दिल्ली विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता. तिथे सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी काही जागा राखीव असतात आणि त्या एका ठरलेल्या प्राधान्यक्रमाने दिल्या जातात. हाच क्रम देशातल्या इतर बऱ्याच संस्थाही वापरतात. त्यातली पहिली ओळ मुलीने मोठ्याने वाचली: "विडोज/वॉर्ड्स ऑफ डिफेन्स पर्सोनेल किल्ड इन अ‍ॅक्शन."

वाचून ती थांबली. म्हणाली, "काका, यात 'किल्ड' कोण? विडोज, वॉर्ड्स, की पर्सोनेल?"

वडील रागावले. "काहीतरीच काय विचारतेस!"

मी म्हटलं, रागावू नका, प्रश्न बरोबर आहे. नुसत्या शब्दांकडे बघितलं तर 'कारवाईत मारले गेले' हे शेपूट विधवांना लागू शकतं, पाल्यांना लागू शकतं, सैनिकांनाही लागू शकतं. आपण सैनिकांना लावतो, कारण आपल्याला जग माहीत आहे. मेलेली मुलं कॉलेजात प्रवेश घेत नाहीत. म्हणजे इथे अर्थ व्याकरणाने नाही, अकलेने लागला. अडचण तेव्हा येते, जेव्हा दोन्ही अर्थ अकलेला पटतात.

आधी हे शेपूट म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत नामाच्या मागे कर्मणी धातुसाधित जोडायची पद्धत आहे. 'किल्ड इन अ‍ॅक्शन', 'इश्यूड टु द युनिट', 'रिसीव्ह्ड यस्टरडे'. आपल्याकडे त्याच कामाला '-लेला' असतो: मारलेला, दिलेला, मिळालेला. फरक असा की आपला '-लेला' नामाच्या पुढे चालतो, त्यांचा मागून येतो. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. आपला '-लेला' लिंग आणि वचन दाखवतो. फुटलेला कप, फुटलेली बशी, फुटलेले कप, फुटलेल्या बशा. इंग्रजी 'ब्रोकन' मात्र कपालाही तेच, बशीलाही तेच, एकालाही तेच आणि शंभरांनाही तेच.

त्यात आणखी एक गोष्ट. 'द लेटर अँड द पार्सल रिसीव्ह्ड यस्टरडे' असं लिहिलं की मधले दोन शब्द गाळलेले असतात. पूर्ण लिहिलं असतं तर 'विच वॉज रिसीव्ह्ड' असतं, नाहीतर 'विच वेअर रिसीव्ह्ड' असतं. 'वॉज' असता तर काल फक्त पार्सल आलं. 'वेअर' असता तर दोन्ही आली. म्हणजे एकच का दोन्ही, हे सांगणारा जो एकुलता एक साक्षीदार होता, त्यालाच इंग्रजीने वाक्य आटोपशीर करण्यासाठी बाहेर बसवलं. सरकारी आणि फौजी इंग्रजीला हा आटोपशीरपणा फार आवडतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

मी तरुण कॅप्टन होतो, पलटणीचा अ‍ॅडज्युटंट. पलटण उंचावर होती. हिवाळ्यात एक मोठं हिमवादळ झालं, त्यात काही तंबू फाटले आणि काही बुखाऱ्या खराब झाल्या. बुखारी म्हणजे तंबूत ऊब देणारी रॉकेलची शेगडी. रस्ता दोन दिवस उघडणार होता. खराब सामान खाली पाठवायचं आणि बदली सामान मागवायचं, असं ठरलं. मी घाईत एक ओळ लिहिली: "टेन्ट्स अँड बुखारीज डॅमेज्ड इन द ब्लिझर्ड विल बी बॅकलोडेड बाय फर्स्ट कॉन्व्हॉय." सही केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

स्टोअर सांभाळणारा हवालदार अत्यंत चोख माणूस होता. त्याच्या कानावर आधीच आलं होतं की जुन्या तंबूंच्या जागी नवे येणार आहेत. त्याने माझी ओळ अशी वाचली: तंबू पाठवा, आणि वादळात खराब झालेल्या बुखाऱ्या पाठवा. फाटलेले तंबू तर त्याने पाठवलेच, पण स्टोअरमध्ये राखून ठेवलेले चांगले तंबूही गाडीत चढवले. ताफा खाली गेला, मागे बर्फ पडलं, रस्ता बंद झाला. पुढचे नऊ दिवस जवान दाटीवाटीने झोपले. कुणाला काही झालं नाही, ते आमचं नशीब.

मी त्या हवालदाराला बोलावून झापायला सुरुवात केली. कमांडिंग ऑफिसर आत आले, हुकूम मागून घेतला आणि दोनदा वाचला. मला म्हणाले, "त्याने वाचलंय तसं यात लिहिलेलं नाही, हे मला दाखव." मला दाखवता आलं नाही. मग म्हणाले, "हुकूम समजेल असा लिहून भागत नाही. चुकीचा समजता येणार नाही असा लिहावा लागतो." त्या दिवशी मी हवालदाराची माफी मागितली.

या घटनेवर मी पुढे बराच विचार केला आणि एक गोष्ट ध्यानात आली. ती आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

माझ्या त्या इंग्रजी ओळीत बुखाऱ्यांबद्दल शंका नव्हती. शेपूट त्यांना चिकटूनच होतं, त्यामुळे खराब झालेल्याच बुखाऱ्या जाणार हे नक्की. शंका होती पहिल्या नामाबद्दल, तंबूंबद्दल. आता तोच हुकूम मी मराठीत दिला असता तर? "वादळात खराब झालेले तंबू आणि बुखाऱ्या खाली पाठवा." इथे '-लेले' तंबूंना चिकटलेलं आहे. खराब झालेलेच तंबू जाणार हे नक्की. पण बुखाऱ्या? खराब झालेल्याच, की सगळ्या? म्हणजे मराठीत चांगले तंबू वाचले असते, पण चांगल्या बुखाऱ्या गेल्या असत्या!

इंग्रजीत विशेषण मागे, म्हणून शंका पहिल्या नामावर. मराठीत विशेषण पुढे, म्हणून शंका शेवटच्या नामावर. आपण नामांचा क्रम तसाच ठेवून भाषांतर करतो, तेव्हा शंका मिटत नाही, ती एका नामावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसते. भाषांतर करणाऱ्याला वाटतं सगळं शब्दशः बरोबर आहे. शब्द बरोबरच असतात.

आपलं लिंग-वचन मदत करतं का? थोडी करतं. 'खराब झालेले' म्हटल्यावर ते तंबूंशी जुळतं, 'खराब झालेल्या' म्हटल्यावर बुखाऱ्यांशी. पण आपण ते जवळच्या नामाशी जुळवतो, त्यामुळे दूरच्या नामाचं काय, हे त्यातून कळत नाही. आणि एकदा का विभक्ती लागली की तीही खूण पुसली जाते. 'जखमी झालेल्या जवानांना', 'जखमी झालेल्या बायकांना', 'जखमी झालेल्या मुलांना' — सगळीकडे 'झालेल्या'च. सरकारी मराठीत तर विभक्तीशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

तुम्हाला वाटेल, ही घाईत लिहिणाऱ्या कॅप्टनची गडबड आहे, कायदे लिहिणारे लोक यात अडकत नसतील. अडकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१६ साली लॉकहार्ट नावाचा खटला निकाली निघाला. कायद्यात तीन प्रकारचे गुन्हे ओळीने लिहिले होते आणि शेवटी 'अल्पवयीन किंवा ताब्यातल्या व्यक्तीशी संबंधित' अशा अर्थाचं शेपूट होतं. ते तिन्हींना लागतं की फक्त शेवटच्याला, यावर आरोपीला किमान दहा वर्षांची शिक्षा द्यायची की नाही, हे ठरणार होतं. सहा न्यायाधीश म्हणाले, फक्त शेवटच्याला. दोघे म्हणाले, तिन्हींना. त्या दोघांच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती केगन यांनी साधं उदाहरण दिलं. कुणी म्हणालं, मला नव्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाशी जोडलेला नट, दिग्दर्शक किंवा निर्माता भेटायला हवा, तर भलत्याच चित्रपटातला नट भेटून तिचं समाधान होईल का? उदाहरण पटतं. पण निकाल दुसऱ्या बाजूने लागला. निष्णात न्यायाधीशांचं जिथे एकमत होत नाही, तिथे तुम्ही-आम्ही अडखळलो तर लाज वाटायचं कारण नाही.

आता आपल्या संविधानाकडे या. आम्हा सैनिकांशी थेट संबंध असलेला एक अनुच्छेद आहे, ३३वा. सैनिकांचे मूलभूत हक्क किती प्रमाणात मर्यादित करायचे, हे संसद कायद्याने ठरवू शकते, असं तो सांगतो. १९५० साली त्यातले शब्द असे होते: "द मेम्बर्स ऑफ द आर्म्ड फोर्सेस ऑर द फोर्सेस चार्ज्ड विथ द मेन्टेनन्स ऑफ पब्लिक ऑर्डर." दोन नामं, आणि मागे शेपूट: सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचं काम ज्यांच्यावर सोपवलंय अशी.

हे शेपूट सशस्त्र दलांनाही लागलं असतं तर काय झालं असतं, बघा. सैन्याचं मुख्य काम सीमेचं रक्षण. दंगल आवरायला सैन्याला क्वचितच बोलावतात. मग कुणीही म्हणालं असतं की सुव्यवस्थेच्या कामावर असतानाच सैनिकाच्या हक्कांवर मर्यादा घालता येते, एरवी नाही. संघटना करणं, वर्तमानपत्रात लिहिणं यांवर आर्मी अ‍ॅक्टखाली असलेली बंधनं त्या एका शेपटापाशी अडकली असती.

तसं झालं नाही, कारण शब्दांची निवड. 'द आर्म्ड फोर्सेस ऑर अदर फोर्सेस' असं न लिहिता त्यांनी 'द फोर्सेस' हे नाम, त्याच्या 'द'सकट, पुन्हा लिहिलं. तो दुसरा 'द' म्हणजे मधे रचलेली वाळूची पोती समजा. शेपूट त्याच्या मागे जात नाही. पुढे १९८४ साली पन्नासाव्या घटनादुरुस्तीने या अनुच्छेदात गुप्तवार्ता आणि दूरसंचार यंत्रणांतले लोकही आले. तेव्हा एका ओळीत सगळं न कोंबता वेगवेगळी खंड-अक्षरं दिली: सशस्त्र दलांचे सदस्य एका खंडात, सुव्यवस्था सोपवलेल्या दलांचे सदस्य दुसऱ्यात. आता शंकेला जागाच उरली नाही. दिल्लीत कर्तव्य पथावरून जाताना मला कधी कधी वाटतं, आमच्या नोकरीचा सगळा कायदेशीर पाया या एका 'द'ने किती सहज सांभाळला!

पुन्हा त्या मुलीच्या फॉर्मकडे येतो, कारण माझी दुसरी चूक तिथेच झाली.

तिच्या वडिलांना कारवाईत पायाला गोळी लागली होती. वैद्यकीय श्रेणी खाली आली, पण फौजेने त्यांना घरी पाठवलं नाही. हलकं काम दिलं आणि त्यांनी पूर्ण सेवा करून पेन्शन घेतली. प्राधान्याची दुसरी ओळ होती, "वॉर्ड्स ऑफ डिफेन्स पर्सोनेल डिसेबल्ड इन अ‍ॅक्शन अँड बोर्डेड आउट फ्रॉम सर्व्हिस..." इथे नाम एक आहे आणि शेपटं दोन. मी चटकन मराठीत सांगितलं, "कारवाईत अपंगत्व आलेल्या आणि बोर्ड आउट झालेल्या सैनिकांची मुलं." ते म्हणाले, "मग आम्ही यात बसतो." मीही मान हलवली.

चार दिवसांनी फोन आला. "साहेब, प्रमाणपत्र देणारे म्हणाले, दोन्ही पाहिजे. जखमीही आणि बोर्ड आउटही."

ते बरोबर होते. इंग्रजीत तिथे एकाच माणसाला दोन्ही अटी आहेत. माझं मराठी वाक्य मात्र दोन्ही प्रकारे ऐकू येतं. 'शिकलेल्या आणि नोकरीला लागलेल्या मुली' म्हटलं की एकाच मुली डोळ्यांपुढे येतात. 'जखमी झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या जवानांची यादी' म्हटलं की दोन वेगळे गट दिसतात. रचना एकच. हवालदारांनी त्यांना हवा असलेला अर्थ ऐकला, आणि मी त्यांना तो ऐकू दिला. तंबूंच्या गोष्टीला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती, तरी मी शिकलो नव्हतो.

त्यांना माजी सैनिकांच्या पाल्यांच्या गटातलं प्रमाणपत्र मिळालं. तो गट बराच खाली आहे. धावपळ करून ते मुदतीच्या आदल्या दिवशी जोडलं. मुलीला प्रवेश मिळाला, पण तिला हवं होतं ते कॉलेज नाही मिळालं. दुसऱ्या क्रमाचा हक्क तिचा नव्हताच, त्यामुळे माझ्या चुकीने जागा गेली असं नाही. पण चार दिवस त्या घराने जी आशा धरली, ती माझ्या एका सैल वाक्यावर धरली होती. वडील एवढंच म्हणाले, "साहेब, पाय गेला असता तर मिळालं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम बरा की वाईट, हा वेगळा विषय. पण नियम काय आहे हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी स्वच्छ कळायला हवं होतं.

तेव्हापासून मी काय करतो, ते सांगून थांबतो.

इंग्रजी कागद वाचताना अशी जोडी आणि मागे शेपूट दिसलं की पेन्सिलीने शेपटाखाली रेघ मारतो, आणि प्रत्येक नामाला एकेक करून ते लावून बघतो. दोन्हीकडे अर्थ लागत असेल तर अंदाज करत नाही, लिहून विचारतो: अट दोघांना आहे की एकाला?

इंग्रजीत स्वतः लिहिताना, एकालाच अट असेल तर ते नाम शेपटासकट आधी लिहून टाकतो आणि मोकळं नाम शेवटी ठेवतो. 'बुखारीज डॅमेज्ड इन द ब्लिझर्ड, अँड ऑल टेन्ट्स.' मराठीत उलट करायचं. मोकळं नाम आधी: 'सगळे तंबू, आणि वादळात खराब झालेल्या बुखाऱ्या.' दोघांनाही अट असेल तर विशेषण पुन्हा लिहायला लाजत नाही: 'फाटलेले तंबू आणि खराब झालेल्या बुखाऱ्या.' दोन शब्द जास्त जातात, जाऊ द्यावेत.

आणि कुणाला तोंडी समजावून सांगताना '-लेल्या'ची माळ लावतच नाही. आपल्या आजीची 'जो-तो'ची रचना वापरतो. "जो सैनिक कारवाईत जखमी झाला, आणि त्यामुळेच ज्याला फौजेने घरी पाठवलं, त्याची मुलं." वाक्य लांबतं, पण ऐकणारा चुकत नाही.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. मधे घरी आली होती, कुणा दुसऱ्या जवानाच्या मुलाचा फॉर्म घेऊन. माझ्या टेबलावर बसून तिनेच तो त्याला समजावला. पहिल्या ओळीवर आली, पेन्सिलीने शेपटाखाली रेघ मारली आणि त्याला विचारलं, "आता सांग, यात 'किल्ड' कोण?"

मी चहा ठेवायला उठलो. जय हिंद.